तानसेनाच्या गावी, मावशीसोबत

आमच्या घरात ग्वाल्हेर हे कधी गाव नव्हतंच. ते विशेषण होतं. ग्वाल्हेर गायकी, ग्वाल्हेरची तान, किंवा कुणाचं गाणं ऐकताना मावशीने नाक मुरडून म्हणायचं, "छान आहे, पण हे ग्वाल्हेरचं नाही हो." मावशीने मिरजेत तीसेक वर्षं गाण्याचे क्लास घेतले आणि या शब्दाशिवाय तिचा दिवस गेला नसेल. पण तिथे स्टेशन असेल, रिक्षा असतील, माणसं सकाळी उठून काहीतरी नाश्ता करत असतील, असा विचार आम्हा दोघींपैकी कुणाच्याच मनात आला नव्हता. तिथल्या संगीत महोत्सवाला, तानसेन समारोहाला, जायचं ठरलं तेव्हा मी पहिल्यांदा नकाशा उघडला.

"अगं मावशी, हे तर जवळजवळ आग्र्याला आहे."

"असू दे. बुवा चालत गेले होते."

बुवा म्हणजे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. गाणं शिकायला उत्तरेत गेले, ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशींकडे शिकले आणि ती गायकी घेऊन आमच्या भागात परतले. विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेत त्यांच्याकडेच शिकले. मावशी हे सगळं परवा घडल्यासारखं सांगते.

आम्ही चालत गेलो नाही, गोवा एक्सप्रेसने गेलो. गाडी रात्री मिरजेहून सुटते, दुसरा अख्खा दिवस रुळांवर जातो आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर ग्वाल्हेर येतं. म्हणजे समारोहाच्या पहिल्याच दिवशी पहाटे आम्ही प्लॅटफॉर्मवर, अंगात मिरजेच्या थंडीला पुरेल एवढा स्वेटर आणि समोर उत्तरेतला डिसेंबर. ही माझी पहिली चूक. निदान एक दिवस आधी पोचायला हवं होतं. दुसरी चूक लॉजची. गरम पाणी 'चोवीस तास' असं फोनवर सांगितलं होतं, प्रत्यक्षात ते सकाळी सहा ते सात या एका तासात, तेही बादलीने, मागेल त्याच्या क्रमाने मिळत होतं.

पण दहा वाजता आम्ही हजीऱ्याला होतो.

हजीरा ही वस्ती किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. तिथे तानसेनाचे गुरू मानले जाणारे सूफी संत मोहम्मद गौस यांचा भला मोठा मकबरा आहे, चारी बाजूंनी दगडी जाळ्यांचा. इतकी बारीक जाळी की लांबून कापडच वाटतं. आणि त्याच्या अंगणात, बाजूला, तानसेनाची समाधी. मी काहीतरी भव्य कल्पून गेले होते. प्रत्यक्षात खांबांवर उभा असलेला, चारी बाजूंनी उघडा, छोटा मंडप. मावशी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बरोबर आहे. गुरू मोठा असतो."

समारोह १९२४ साली माधवराव शिंद्यांच्या काळात, तानसेनाच्या उर्साच्या निमित्ताने सुरू झाला. म्हणजे आता शंभरी पार झालीय. सुरुवात आजही गाण्याच्या मैफलीने होत नाही. आधी सनई. मग ढोलीबुवा मठाचे महाराज हरिकथा करतात, त्यानंतर मिलाद, म्हणजे पैगंबरांची स्तुती, मग समाधीवर चादर. हरिकथा सुरू झाली तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो. भाषा हिंदी, पण उभं राहण्याची ढब, बोलता बोलता गाण्यात शिरण्याची रीत, सगळं आपल्या देवळातल्या कीर्तनाचं. आणि मागोमाग त्याच जागी मिलाद. आम्ही मिरजेची माणसं, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीचा उत्सव दर्ग्यात चिंचेच्या झाडाखाली बसून ऐकत वाढलेलो. आम्हाला यात नवल वाटायला नको होतं. तरी हजार-बाराशे किलोमीटरवर आपल्या घरचंच काहीतरी ठेवलेलं सापडावं तसं झालं.

चिंचेचं झाड इथेही आहे. तानसेनाच्या समाधीजवळच्या या चिंचेचा पाला चावला की आवाज गोड होतो, असं गाणारे पिढ्यान् पिढ्या मानत आलेत. पाला ओरबाडून ओरबाडून जुनं झाड गेलं, आता आहे ते नंतरचं, असं शेजारच्या एका काकांनी सांगितलं. मावशीने चार पानं तोंडात टाकली.

"कसं आहे?"

"आंबट."

त्या दिवशी आम्ही हावरटासारखं केलं. सकाळचा सगळा कार्यक्रम, मग संध्याकाळी सहापासून पूर्ण सभा. समारोहाला तिकीट नाही, पास नाही, कुणीही यावं आणि बसावं, त्यामुळे उठवतच नाही. प्रत्येक सभेची सुरुवात शहरातल्या संगीत विद्यालयांतली मुलं ध्रुपद गाऊन करतात, आणि खरं सांगायचं तर काही वेळा त्या मुलांचं गाणंच जास्त लक्षात राहिलं. मफलर गुंडाळलेली पंधरा-वीस पोरं, पखवाजावर त्यांच्याच वयाचा कुणी, तालाची मात्रा हातावर मोजताना ओठ हलतायत. मंडपाच्या तीन बाजू बंद असल्या तरी दहाच्या पुढे गारठा जमिनीतून वर येत होता. स्थानिक मंडळी ब्लँकेट, कानटोप्या, थर्मास घेऊन जय्यत तयारीने आलेली. आम्ही दोघी एका शालीत.

सकाळी मावशीचा आवाज बसला होता. नुसता घोगरा नाही, पार गेला. खुणेने बोलायला लागली.

"चिंचेच्या पाल्याचा गुण," मी म्हणाले. तिने खुणेनेच मला काय म्हणायचं ते म्हटलं.

या बसलेल्या आवाजामुळेच आमचा ग्वाल्हेरचा खरा प्रवास सुरू झाला असं म्हणायला हरकत नाही. कारण दुसऱ्या दिवशी सकाळच्या सभेत मागच्या रांगेतल्या एका बाईंनी थर्मासमधून गरम पाणी पुढे केलं आणि स्वच्छ मराठीत विचारलं, "तुम्ही कुठून आल्या आहात? पुण्याहून का?"

"मिरजेहून."

"आम्ही इथल्याच, लश्कर भागातल्या. पाच पिढ्या झाल्या. आधी हे पिऊन घ्या, मग बोला."

त्या पंच्याहत्तरीच्या असाव्यात. पायात लोकरी मोजे, वर चपला. मराठी आपलीच, पण तिला हिंदीचा वेगळाच उतार. 'करून टाकते'च्या जागी 'करून देते', 'जमेल'च्या जागी 'होऊन जाईल'. त्यांनी दोन मिनिटांत आमची झाडाझडती घेतली. काय पाहिलंत? काहीच नाही. काय खाल्लंत? लॉजवरचा ब्रेड. त्यांनी अशी नजर टाकली की आपण ब्रेड खाल्ला नसता तर बरं झालं असतं असं वाटलं.

"असं कसं चालेल? रोज एकच सभा ऐका. सकाळची किंवा संध्याकाळची. गाणं चोवीस तास कानात नाही जात. मध्ये पोटात आणि पायात पण काही जाऊ द्या."

मला विचाराल तर कुठल्याही मोठ्या संगीत महोत्सवाला जाणाऱ्याला हा एवढा एक सल्ला पुरे आहे. आम्ही तो लगेच अमलात आणला.

सर्वांत आधी बेडई. बाईंनी बजावलं होतं, "आठच्या आत जा. नऊला गेलात तर उरलेली मिळेल." लश्करच्या बाजारात एका कोपऱ्यावर कढई, भोवती दहा-बारा माणसं, सगळी उभी. बेडई म्हणजे उडदाची भरड, हिंग, बडीशेप असा मसाला घालून तळलेली टम्म पुरी. पण पुरीसारखी मऊ नाही, चावताना आधी कुर्रकन वाजते आणि मग आतला ओला मसाला जिभेला लागतो. सोबत द्रोणात बटाट्याचा पातळ रस्सा, कांद्या-लसणाचा वासही नाही, हिंगानेच सगळी कामगिरी पार पाडलेली. पहिला द्रोण संपायच्या आत पोऱ्या न विचारता रस्सा ओतून जातो. त्यावर जिलबी. मी गोड-तिखट एकत्र खाणाऱ्यातली नाही, पण आजूबाजूला कुणीच वेगवेगळं खात नव्हतं, म्हणून रश्शात बुडवलेल्या घासामागून जिलबीचा तुकडा घेतला. थंडीत, उभ्याने, नाक गळत असताना याला तोड नाही. मावशीने तीन बेडया खाल्ल्या. "घसा शेकला," असं घोगऱ्या आवाजात म्हणाली, ते त्या दिवसातलं तिचं पहिलं पूर्ण वाक्य.

मग रोजचं ठरूनच गेलं. आठच्या आत बाजार, एक सभा, मधल्या वेळात भटकंती. दुपारी मूगडाळीचे मंगोडे हिरव्या चटणीबरोबर. नया बाजारातल्या बहादुराच्या दुकानातले साजूक तुपातले बुंदीचे लाडू, जे अटलबिहारी वाजपेयींना फार आवडायचे. दुकान जुनं, साधं, मिरवायची काही हौस नसलेलं. रात्री सभेहून परतताना कढईतलं आटीव दूध. आणि गजक. शेजारच्या मुरैन्याची गजक सगळीकडे मिळते, तीळ आणि गूळ कुटून कुटून पदर सुटेपर्यंत केलेली. आपली तिळाची वडी दाताशी झगडते, ही ओठांवरच विरघळते. मी दोन किलो घेतली आणि ती सांभाळणं हा पुढचे तीन दिवस माझा मुख्य उद्योग झाला.

शहराचं लश्कर हे नाव मला आधी कळलंच नव्हतं. १८१० च्या सुमाराला दौलतराव शिंद्यांनी इथे छावणी टाकली, आणि छावणी उठलीच नाही, तिचं शहर झालं. महाराज बाड्यावर उभं राहिलं की एका चौकात टाऊन हॉल, व्हिक्टोरिया मार्केट, पोस्ट, बँक, प्रत्येक इमारत वेगळ्या देशातून आणून ठेवल्यासारखी. मधूनच दुकानाच्या पाटीवर आपलं एखादं आडनाव दिसतं आणि मावशी कोपराने ढोसते. जयविलास राजवाडा पाहिला. १८७४ चा. दरबार हॉलमधली प्रत्येकी साडेतीन टनांची दोन झुंबरं, ती टांगण्याआधी छताची ताकद बघायला वर हत्ती चढवल्याची कथा, जेवणाच्या टेबलावर रुळांवरून ब्रँडी आणि सिगार फिरवणारी चांदीची आगगाडी. माझं म्हणाल तर तासाभरात कंटाळा आला. दुसऱ्याच्या श्रीमंतीकडे किती वेळ बघणार?

त्यापेक्षा जीवाजीगंजातलं सरोद घर मनात राहिलं. सरोदवादक उस्ताद हाफिज अली खाँसाहेबांचं वडिलोपार्जित घर, आता वाद्यांचं संग्रहालय. गल्ली अरुंद, घर शांत. मावशी एका जुन्या वाद्यासमोर इतकी वाकून बघत होती की राखणदार जवळ आला. तंतुवाद्यं बनवणाऱ्या मिरजेची बाई, वाद्याची तार बसवण्याची पद्धत बघणारच.

फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. १८५८ च्या जूनमध्ये इथेच लढताना त्या गेल्या. शाळेत 'झाशीची राणी' इतकं पाठ झालंय की शेवट ग्वाल्हेरला झाला हे लक्षातच राहत नाही. आम्ही गेलो तेव्हा आसपास कुणी नव्हतं, एक माळी पाणी घालत होता. मावशीने चपला काढल्या. त्या गार फरशीवर मीही काढल्या.

किल्ला चौथ्या दिवशी. दोन वाटा आहेत: पश्चिमेकडून उरवाईची, जिथून गाडी जाते, आणि पूर्वेकडून ग्वाल्हेर दरवाजाची, जी पायी चढायची. मावशीच्या गुडघ्यांचा विचार करून आम्ही उरवाईने वर गेलो आणि पायी उतरलो. कुणी विचारलं तर हेच सांगेन. उरवाईच्या घाटात कड्यातच कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत, पंधराव्या शतकातल्या, त्यांतली सर्वांत मोठी पन्नास फुटांहून उंच. बऱ्याच मूर्तींचे चेहरे फोडलेले आहेत. बाबराने तसा हुकूम दिल्याचं स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलंय. ड्रायव्हरने तिथे गाडी न सांगता थांबवली आणि इंजिनही बंद केलं.

वर मानमंदिर. मानसिंग तोमर, पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या सांध्यावरचा राजा, ध्रुपदाचा मोठा आश्रयदाता. राजवाड्याच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या, पिवळ्या, हिरव्या फरशांची पट्टी आहे आणि तिच्यावर बदकांची रांग. होय, बदकं. एवढ्या मोठ्या लढाऊ किल्ल्याच्या तटावर राजाला पिवळी बदकं काढाविशी वाटली, यावरून माझं त्याच्याबद्दल फार चांगलं मत झालं. आत लहान लहान चौक, आणि खाली तळघरं. मोगलांनी याच किल्ल्याचा तुरुंग केला. गुरू हरगोविंद इथे कैदेत होते, आणि सुटताना त्यांनी बावन्न राजांना सोबत सोडवलं म्हणून वर दाता बंदी छोड गुरुद्वारा आहे. आम्ही दुपारी तिथल्या लंगरमध्ये जेवलो. उडदाची काळी डाळ आणि गरम फुलके. पूर्ण प्रवासातलं सर्वांत साधं जेवण आणि, बेडईची माफी मागून, कदाचित सर्वांत चांगलंही.

मानमंदिराच्या आतल्या चौकात गाइड म्हणाला, इथे टाळी वाजवा, घुमते. मी मावशीला म्हणाले, "सा लाव ना." तिने मान हलवली. "बसलेल्या आवाजाने इथे नाही." मी फार आग्रह केला नाही.

उतरताना, वाटेवर डाव्या-उजव्या हाताला काय काय आहे हे बघत, आम्ही कड्यात कोरलेल्या एका लहानशा चतुर्भुज मंदिरापाशी थांबलो. लोक पुढे निघून जातात. त्याच्या भिंतीवर इसवी सन ८७६ चा शिलालेख आहे आणि त्यात २७० हा आकडा शून्यासकट, आपण आज लिहितो तसाच, कोरलाय. जगातल्या जुन्यात जुन्या लिखित शून्यांपैकी एक. ते कशात सापडावं? देवासाठी फुलबाग दिली त्या जमिनीच्या मापात: दोनशे सत्तर हात लांब, एकशे सत्त्याऐंशी हात रुंद. आणि रोज देवाला पन्नास माळा द्याव्यात, हेही. मी मोबाइलच्या उजेडात ते बारकं वर्तुळ शोधलं तेव्हा मावशी पायरीवर बसून गुडघे चोळत होती. "माळ्याचा हिशेब," ती म्हणाली. "म्हणून टिकला."

शेवटच्या दिवशी सकाळची सभा शहरात नसते. ती बेहटला असते, तानसेनाच्या जन्मगावी, चाळीस-पन्नास किलोमीटरवर. लश्करच्या बाईंनी त्यांच्या पुतण्याच्या गाडीत आम्हाला कोंबलं. बाहेर धुकं इतकं की पुढच्या ट्रॅक्टरवरचा ऊस तेवढा दिसत होता. गाव छोटं, झिलमिल नदी, काठावर शंकराचं देऊळ, एका बाजूला कललेलं. लहानगा तानसेन इथे गायचा आणि त्याच्या तानेने देऊळ झुकलं, असं गावातलं प्रत्येक मूल सांगतं. समोर सतरंज्यांवर गावकरी, घोंगड्या पांघरलेले म्हातारे, फेटे, कडेवर पोरं घेतलेल्या बायका. दहाच्या सुमाराला धुकं विरलं आणि पाठीवर ऊन आलं. तोडी चालू होती. बहुतेक तानसेनाच्याच नावाची, मियाँ की तोडी. माझ्या शेजारी एक आजोबा हरभऱ्याचे ओले घाटे सोलून खात होते, दोन मला दिले. खर्जातल्या गंधारावर गायक थांबला तेव्हा त्यांचे हात सोलता सोलता थांबले, आणि सूर पुढे सरकल्यावर पुन्हा सुरू झाले. मला रागातलं फार कळत नाही, मावशीच्या मते काहीच कळत नाही. पण ते हात मी पाहिले.

संध्याकाळची शेवटची सभा गूजरी महालात, किल्ल्याच्या पायथ्याशी. मानसिंगाने मृगनयनी राणीसाठी बांधलेला हा महाल आता पुरातत्त्व संग्रहालय आहे. चौकात गाणं, भोवती जुन्या मूर्ती आणि माथ्यावर दिवे लागलेला किल्ला. यावेळी आमच्याकडे ब्लँकेट, मोजे, थर्मास सगळं होतं. गायिकेने मध्यलयीत एक जुनी चीज घेतली, आणि अंतऱ्यावर मावशी एकदम ताठ झाली.

"चुकलं," ती कुजबुजली.

"काय चुकलं?" लश्करच्या बाई.

"शब्द. असा नाही तो."

"असाच आहे. माझे वडील असंच गात होते."

"माझ्या गुरूंनी असा नाही शिकवला."

सभा संपेपर्यंत दोघी गप्प बसल्या, पण कसल्या. बाहेर पडल्यावर ग्वाल्हेर दरवाजाजवळच्या चहाच्या टपरीशी वाद पुन्हा पेटला. शेवटी मावशीने पेला खाली ठेवला, मफलर सोडला आणि फाटक्या, अर्ध्या आवाजात तो अंतरा म्हणून दाखवला. पाच दिवसांत पहिल्यांदा. वरच्या षड्जाला आवाज गेलाच नाही, नुसती हवा गेली, तरी तिने सम बरोबर गाठली. टपरीवाला दूध ढवळायचा थांबला. मग लश्करच्या बाईंनी त्यांचा म्हटला. चाल तीच, वळण तेच, फक्त तो एक शब्द वेगळा.

"बघा," त्या म्हणाल्या, "इथून निघून मिरजेला पोचता पोचता वाटेत बदलून गेला असेल."

मावशीने मफलर पुन्हा गुंडाळला.

"किंवा इथे राहून राहून."